चोरटी हवा आणि हवालदारांचं इंजिन

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा? डोळ्यावर, कानावर, की नाकावर? माणसांचं मी विचारत नाही. सांगलीच्या हळदपेठेत चार सौदे केले की माणसांचं आपोआप कळायला लागतं. मी विचारतोय ते इंजिनाबद्दल. सायकलला लावायचं नारळाएवढं इंजिन जोडून झालं, आणि ते कुठूनतरी गळतंय एवढंच नक्की कळलं, की डोळे, कान आणि नाक हे तिघंही तुम्हाला तीन वेगळ्या गावांना पाठवतात.

असे किस्से साठतात कसे, तर सायकलच्या दुकानात जुने नट साठतात तसे. टाकवत नाहीत, कुणी विकत घेत नाही, आणि डब्यात सहज हात घातला की एखादा बोटाला लागतोच.

मी मूळचा हळदीचा व्यापारी. शिक्षण विचाराल तर मराठी चौथी, तीही मास्तरांच्या भिडेखातर. लढाईच्या दिवसांत बाजार बेभरवशाचा झाला तेव्हा सांगलीतच सायकलचं दुकान टाकलं. दुकानात माणसं दोन. एक बाबालाल मिस्त्री, मिरजेचा. हात सोन्याचा, पण शिकलेला सगळा सायकलवर. दुसरा केरबा, हरिपूरचा. हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवतात, त्यांना पेव म्हणतात. पेवाचं तोंड असं लिंपायचं की हवेचा केस आत जाता कामा नये. केरबानं उमेदीची वर्षं त्याच कामात घालवलेली. म्हातारपणी पेवात उतरवेना, म्हणून माझ्याकडं आला.

लढाई संपल्यावर पुण्याकडं लष्करी भंगाराचे लिलाव निघायला लागले. तिथं मी एक लाकडी पेटी घेतली. आत सायकलला बसवायची छोटी इंजिनं निघाली. इंजिनं धडधाकट होती, पण सांध्यांमध्ये घालायच्या कागदी चकत्या उंदरांनी फस्त केल्या होत्या. इथून आमचा सगळा वनवास सुरू झाला.

कारण या इंजिनाचं एक वेड आहे. त्याला पेट्रोल आणि हवा मापात लागते. कार्बुरेटरच्या सांध्यातून जरा जरी जास्तीची हवा आत शिरली, की ते खोकतं, तापतं, आणि चढ आला की मरतं. आमच्या दुकानात तिला नाव पडलं होतं ‘चोरटी हवा’. पेट्रोल बाहेर गळतं ते निदान दिसतं तरी. हवा आत गळते ती कुणाला दिसायची?

*

पहिलं इंजिन ज्यांनी मागितलं ते ज्ञानू हवालदार. म्हसवडकडचे. लढाईत इटलीला गेले होते, रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकडीत. तिथून डावा गुडघा ताठ करून घेऊन आले. पाय होता, पण वाकत नव्हता.

दुकानात आले, काठी टेकून उभे राहिले आणि बसा म्हटलं तरी बसेनात. बसलं की उठायला लागतं, म्हणाले. त्यांच्या गावाकडं तलावाच्या कालव्यावर मुकादमाची जागा रिकामी झाली होती. ओव्हरसीअर साहेबांनी त्यांना सरळच सांगितलं होतं, की माणूस तुम्ही पसंत आहात, पण कालवा लांब आहे, चालत फिरणं तुम्हाला जमायचं नाही आणि सायकल मारता येत नाही. दिवस मावळायच्या आत एक पुरी फेरी करून दाखवा, जागा तुमची. नाहीतर दुसरा माणूस बघतो.

“शेठ,” हवालदार म्हणाले, “पेन्शनीत दोन माणसं जेवत्यात. आमी घरात सात हाय. ही जागा गेली तर मी दुसऱ्याच्या बांधावर राखण करत बसणार. एवढं यंत्र माझ्या सायकलीला लावून द्या. पर गड्या, वाटंत बंद पडता कामा नये. मला उतरून ढकलाय येत न्हाई.”

मी शब्द दिला. व्यापाऱ्यानं असा शब्द देऊ नये, पण ते उभे होते ना!

*

चकत्यांशिवायच नुसते नट आवळून इंजिन बसवलं, सुरू केलं. फट् फट् करून खोकलं आणि गप्प झालं. मी म्हटलं, मिस्त्री, कुठंतरी गळतंय.

गळतंय हा शब्द ऐकल्यावर सायकलवाल्याचा हात कुठं जाणार? बाबालालनं इंजिन सोडवलं, आणि पंक्चर बघायच्या पाण्याच्या टबात अलगद बुडवलं. अगदी ट्यूब बुडवतात तसं, फिरवून फिरवून. बुडबुडे तर असे आले की विचारू नका! वरून, खालून, बाजूनं. बाबालाल खूश. प्रत्येक बुडबुड्यावर खडूनं खूण करायला गेला, तर ओल्या लोखंडावर खडू उमटेना.

इंजिनाच्या पोटात वीज तयार करणारं एक चाक असतं, ते हे स्नान करून पार थंड झालं. पुढं कितीतरी दिवस ते गच्चीवर उन्हात वाळत पडलं होतं, शेजारी कुरडया.

हवालदार चौकशीला आले. मी गच्चीकडं बोट दाखवलं. बाबालालनंच सांगितलं, “वाळू द्या हवालदारसाब. पंक्चर एक न्हाई, सगळंच पंक्चर हाय.”

*

तोवर पेट्रोलची टाकी रिकामी कशाला ठेवायची म्हणून ती सायकलीवरच भरून ठेवली, आणि चोरीच्या भीतीनं सायकल माझ्या घरात, माजघरात. पेट्रोल त्या काळी कुपनावर मिळायचं, तुपापेक्षा जपायचं.

सकाळी आमच्या घरातून विचारणा झाली, की हा वास कसला? मी म्हटलं, पेट्रोल आहे, वास येणारच. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी आणि बाबालाल दोघं गुडघ्यावर बसून टाकीभोवती नाक फिरवत होतो. मला वास पुढून यायचा, त्याला मागून. केरबाला कुठूनच येईना, कारण त्यानं तपकीर ओढलेली.

शेवटी सौभाग्यवती आल्या, आम्हाला बाजूला व्हा म्हणाल्या, आणि रांगोळीच्या डब्यातून चिमूट चिमूट घेऊन टाकीखालच्या नळीवर, तोटीवर, सांध्यांवर भुरभुरली. मग चहा ठेवायला गेल्या. चहा होईतो तोटीच्या बुचाखाली रांगोळीचा एक बारीक ठिपका ओला, काळपट झाला होता. बूच वाळून आकसलं होतं, बाकी काही नाही. मिरजेच्या दवाखान्यातून औषधाच्या बाटलीचं चांगलं बूच आणून, कोमट पाण्यात फुगवून, कापून बसवलं. गळती बंद.

मी कौतुकानं बघतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “रोज देवापुढं काढते, आज राक्षसापुढं काढली. आता तो माजघरातून बाहेर न्या.”

*

इंजिन वाळलं. आता चकत्या. खाकी कागदाच्या चकत्या कात्रीनं कापल्या, पण नुसता कागद हवा धरत नाही. त्याला दोन्ही अंगाला काहीतरी चिकट पाहिजे, आणि ते पेट्रोलात विरघळता कामा नये. खळ लावून पाहिली, डिंक लावून पाहिला, गरम झालं की तडकायचं.

तेव्हा केरबा बोलला. “शेठ, गूळ लावा.”

आम्ही हसलो. सांगलीच्या माणसाला कुठल्याही दुखण्यावर गूळच सुचायचा. पण केरबानं वाटीत पेट्रोल घेतलं, त्यात गुळाचा खडा टाकला आणि म्हणाला, आता बघत बसा. खडा विरघळेना! हलवला, ढवळला, जसाच्या तसा. मी तर चाट पडलो. मग काय, चिक्कीला करतात तसा पक्का पाक केला, चकत्यांना लावला, सांधे आवळले. इंजिन असं गोड चाललं की हवालदार दुकानासमोरून चार फेऱ्या मारून आले आणि पहिल्यांदाच आमच्याकडं बसले.

रात्री सायकल दुकानात ठेवली. सकाळी मी कुलूप काढलं तर बाबालाल माझ्या आधी फटीतून आत बघून उभा.

“शेठ,” तो म्हणाला, “आता गळती शोधायची गरज न्हाई. ती बघा, रांग लागलीय.”

भिंतीतल्या भेगेतून निघून, फळीवरून उतरून, सायकलीच्या चाकावरून चढून मुंगळे थेट कार्बुरेटरच्या सांध्याला लागले होते. केरबा म्हणाला, माल खात्रीचा हाय म्हणून तर आले.

*

गुळानंतर बाबालालला आपला मेहुणा आठवला. मेहुणा मिरजेत सतारी करायचा. सतारीच्या लाकडाला तकाकी आणायला हे लोक लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. बाबालाल बाटली भरून घेऊन आला. लाख पेट्रोलला दाद देत नाही आणि मुंगळ्यांनाही. चकत्या लाखेनं बसवल्या, वाळू दिल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं.

मेहुणा स्वतः बघायला आला. आपली लाख लोखंडाला लागली याचं त्याला जरा वाईटच वाटत होतं. भोपळ्याला लावतो तिथं ती बोलते, इथं काय करणार, असं काहीतरी पुटपुटला. मग इंजिनाजवळ कान नेऊन डोळे मिटले. आम्ही तिघं वाट बघत उभे. इंजिन फटफटतंय आणि हा मान हलवतोय.

“तार एक जास्त वाजतीय,” तो म्हणाला. “कुठनंतरी शिट्टी येतीय, बारीक. ती तुमच्या यंत्राची न्हाई.”

चोरटी हवाच ती. पण कुठनं, ते कानाला सांगता येईना. तो उजवीकडं म्हणाला, बाबालाल डावीकडं, आणि थोडा वेळ साल्या-मेहुण्यात अशी जुंपली की शेवटी विषय हुंड्यातल्या पितळी घंगाळावर गेला.

*

ती जागा सापडली उदबत्तीनं. युक्ती बाबालालची. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली, इंजिन पुसून कोरडं केलं, मागचं चाक उचलून ठोकळ्यावर घेतलं आणि केरबाला पायडल फिरवायला बसवलं. चाक फिरलं की इंजिन नुसतीच हवा ओढतं. मग बाबालालनं उदबत्ती पेटवली आणि तिचा धूर एकेका सांध्याजवळून हळूहळू फिरवत नेला. जिथं फट असेल तिथं धूर आत ओढला जाणार, एवढा साधा हिशोब.

पण रस्त्यावरच्या माणसाला काय दिसत होतं? एक यंत्र चौरंगावर मांडलंय, म्हातारा घाम गाळत पायडल मारतोय, आणि मिस्त्री उदबत्ती ओवाळतोय. माणसं थांबली. कुणीतरी पायताणं काढली. एका म्हातारीनं पुढं होऊन पायरीवर नारळसुद्धा फोडला!

आणि नेमका त्याच वेळी धूर कार्बुरेटरखालच्या एका कोपऱ्यात सर्रकन आत गेला. बाबालालनं तो एक बोल्ट सारखा केला, टाकी जोडली, इंजिन लावलं. खोकला नाही, शिट्टी नाही. स्वच्छ आवाज.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारी आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. तो बिचारा खोकून खोकून वाकलेला. “आवं मिस्त्री,” ती म्हणाली, “तुमच्या देवाचा खोकला गेला तो मी डोळ्यानं बगितला. आता जरा ह्यांच्याकडं बगा.”

बाबालालनं त्या म्हाताऱ्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि मिरजेच्या डॉक्टरांकडं पाठवला. म्हातारी मात्र जाताना उदबत्तीचा पुडा ठेवून गेली.

*

इथपर्यंत आलं म्हणजे काम झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मी हवालदारांचे हात हिशोबात धरले नव्हते.

पलटणीची सवय. सांगलीतल्या मुक्कामात रोज पहाटे उठून, दाढी करून, हवालदार इंजिनाची हजेरी घ्यायचे. पाना घेऊन एकेक नट बघायचे आणि जरासा आवळायचे. रोज जरासा. हाताचा पंजा असा, की हवालदारांचं जरासं म्हणजे आपलं लटकून आवळणं. कार्बुरेटरचा तो सांध्याकडचा पत्रा हळूहळू कमानीसारखा वाकला. टोकं घट्ट, मधे फट! आवळत गेले तसतशी हवा जास्त, आणि हवा जास्त म्हणून आणखी आवळायचे.

हे आम्हाला कळलं साताऱ्यात. सांगली सपाट, तिथं चढावर परीक्षा होत नाही. हवालदारांचं साताऱ्याला पेन्शनीचं काम होतं, म्हणून मी, बाबालाल आणि ते, सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकल टाकून गेलो, आणि यवतेश्वरचा घाट चढवून बघायचं ठरलं. पहिल्या वळणाला इंजिनानं शिट्टी घातली, दुसऱ्याला खोकलं, तिसऱ्याला बसलं. शेजारून एक गवळी म्हैस हाकत गेला. म्हैससुद्धा वळून बघत होती.

बाबालालनं सांधा खोलला, वाकलेला पत्रा बघितला, मग हवालदारांकडं बघितलं. “साब,” तो म्हणाला, “नट बसवल्यावर त्याला सलाम करायचा. कुस्ती न्हाई खेळायची.”

हवालदारांनी खिशातला पाना काढून त्याच्या हातात दिला.

आता वाकलेला पत्रा सरळ कसा करायचा? त्याला एकदम सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून, गोल गोल घासत बसावं लागतं. एवढी सपाट काच साताऱ्यात आम्हाला कोण देणार? खाली उतरल्यावर पहिलं दुकान लागलं ते नाना न्हाव्याचं. त्याच्याकडं भिंतीएवढा बेल्जियमचा आरसा. माझी जीभ व्यापाऱ्याची, हवालदारांचा पाय लढाईतला. नानानं आरसा उतरवून जमिनीवर आडवा टाकला. एक वकील अर्धी दाढी घेऊन खुर्चीत बसले होते, ते तसेच बसून राहिले.

बाबालालनं घासून पत्रा असा सपाट केला की काचेवर ठेवल्यावर खालून उजेड दिसेना. पण पेपर मधेच सरकला, आणि आरशाच्या वरच्या भागात परातीएवढा गोल पार धुरकट झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरसा परत भिंतीला टांगला. मी भरपाईचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतल्या वकिलांनी आरशात बघितलं. त्यांचा चेहरा खाली स्वच्छ दिसत होता आणि टकलाच्या जागी नेमका तो धुरकट गोल.

वकिलांनी मान इकडून तिकडून वळवून बघितली. मग म्हणाले, “नाना, हा आरसा बदलायचा नाही.”

इंजिन मात्र त्याच दिवशी परत घाटाला लावलं, आणि ते न खोकता वर गेलं.

*

आता शेवटचा किस्सा. मी हा सगळ्यांना सांगत नाही.

परीक्षेचा दिवस ठरला. मी, हवालदार आणि केरबा म्हसवडला गेलो. बाबालालच्या घरी लग्न होतं, तो आला नाही. सायकल मोटारीच्या टपावर बांधली होती, आणि तिला सांभाळायला केरबा टपावर. कालव्याच्या तोंडाशी ओव्हरसीअर साहेब घोडीवर बसून तयार. वाईचे गृहस्थ, बोलणं मोजकं. त्यांनी घड्याळ बघितलं, सायकल बघितली, आणि चला म्हणाले. केरबाला लिंबाखाली बसवून मी तिथल्याच कुणाची साधी सायकल मागून घेऊन मागं निघालो.

हवालदारांनी उजव्या पायानं पायडल हाणलं, इंजिन लागलं, आणि कालव्याच्या भरावावरून अशी ऐटीत सायकल निघाली की माझ्या अंगावर काटा आला. पहिली मोरी येईपर्यंतच. मोरीपाशी इंजिन हळू हळू मंद होत गेलं आणि थांबलं.

शिट्टी नाही, खोकला नाही, नुसतं उपाशी माणसासारखं बसलं. साहेब घोडी थांबवून बघत होते. हवालदार कसेबसे उतरले, सायकल झाडाला टेकवली आणि टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. पेट्रोल काठोकाठ. झाकण परत लावलं. तेवढ्यात त्यांचा ताठ पाय भरावाच्या बाहेरच्या अंगाला घसरला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला.

दुसरा कुणी असता तर पाय उपसून निघाला असता. हवालदार तिथंच उभे राहिले. चिखलाकडं बघत होते. मग काठीनं टोचून म्हणाले, “साहेब, हितं वल कशी? पाऊस तर न्हाई.” आणखी टोचलं तर खेकड्याचं बीळ, आरपार. कालव्याचं पाणी गुपचूप पलीकडच्या ओढ्यात चाललं होतं. साहेब घोडीवरून खाली उतरले.

परत सायकल लावली, तर पहिल्या दणक्यात सुरू! थोडं पुढं गेलो, पुन्हा तीच तऱ्हा. मंद होत होत बंद. हवालदार उतरले, झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, लावलं. आणि उतरलोच आहे तर म्हणून काठी टेकत भरावाच्या खाली जाऊन आले. तिथं घुशीनं पोखरलेलं होतं. त्याच्या पुढच्या थांब्याला काहीच नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं. त्याच्या पुढं दगडी मोरीचा सांधा सुटलेला.

असं चाललं होतं. टाकी रिकामी होत गेली तसे थांबे लांब लांब पडायला लागले. मी मागून चाललोय आणि मनातल्या मनात एकेक सांधा तपासतोय. चकत्या, लाख, बूच, पत्रा. सगळं जाग्यावर. साहेब घोडीवरून प्रत्येक थांबा बघत होते, आणि त्याचीच मला धास्ती. एकदा त्यांनी सूर्याकडं बघितलं. हवालदारांनीही बघितलं. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती आणि उजवा पाय पायडल हाणून हाणून थरथरत होता, पण झाकण उघडायचं, लावायचं, काठी उचलून खाली बघून यायचं, हे त्यांनी एकाही ठिकाणी चुकवलं नाही.

शेवटच्या गावाशी पोचलो तेव्हा सूर्य डोंगरावर टेकला होता, बुडाला नव्हता. साहेब घोडीवरून उतरले. मी हात जोडून, इंजिन नवं आहे, असं काहीतरी बोलायला पुढं झालो. त्यांनी मला हातानं थांबवलं.

“आधीचा मुकादम जेवायच्या आत फेरी करून घरी असायचा,” ते हवालदारांना म्हणाले. “आणि या शेवटच्या गावचे लोक पाणी येत नाही म्हणून माझ्या दारात. पाणी जातंय कुठं विचारलं, तर म्हणायचा, साहेब, वाटेत काहीच नाही. तुम्ही थांबता. सोमवारपासून या.”

साहेब गेले. हवालदार भरावावर बसले. आमच्या दुकानात गुळाच्या दिवशी बसले होते, त्यानंतर आपणहून आत्ताच. पाय लांब करून.

मी मात्र त्या झाकणाला चिकटलो. उघडलं की चालतं आणि लावलं की मरतं, असं कसं? नखानं वर चाचपलं तर बरोबर मधे काहीतरी टोचलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यायला पाहिजे, नाहीतर उतरायचंच थांबतं. त्या भोकात बाभळीचा काटा ठोकून वर मोडून टाकलेला!

माघारी लिंबाखाली आलो तर केरबा वाटच बघत होता. विचारलं. तो अभिमानानं म्हणाला, “व्हय, मीच ठोकला. मोटार हादरली की थेंब थेंब उडत हुतं. म्हटलं कालव्यावर जायाचं, आन् टाकी गळती?”

मी कपाळाला हात लावला, चिमट्यानं काटा उपटला, आणि हवालदारांना म्हटलं की या इंजिनाचे आता मी एक पैसासुद्धा घेणार नाही, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

हवालदारांनी हात पुढं केला. तो काटा माझ्या तळहातावरून चिमटीत घेतला, पटक्याच्या घडीत नीट खोचला, आणि काठी टेकून उभे राहिले.

“तसं न्हाई चालायचं, शेठ,” ते म्हणाले. “हिशोब खरा ठेवा. आधी काटा लिवा. इंजिन त्याच्या खाली.”